मारा कीं तारा
(शहापूर येथें शहापूर-मुरबाड भागांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेरणी तोंडावर आली असतां हातांतलें काम टाकून आपण येथें जमलांत, म्हणून आम्ही आडवळणानें बोलणार नाहीं. जून लागला कीं आपल्याकडे घरोघर दोन काळज्या असतात. एक भाताच्या पेरणीची आणि दुसरी मुलाला कोणत्या शाळेंत घालावें याची. पहिलीविषयीं आम्हीं आपणांस काय सांगावें? राब किती भाजावा, रोप कधीं उपटावें, हें डोळखांबचा किंवा टोकावड्याचा शेतकरी झोपेंतही सांगेल. परंतु दुसरीच्या बाबतींत आपण सारेच आंधळेपणानें वागत आलों आहों, आणि त्यांत आम्ही स्वतःही आलों. बियाणें घेतांना आपण चार दुकानें फिरतों, दाणा दांताखालीं फोडून पाहतों. मुलगा मात्र कोणाच्या हातीं देतों तें पाहत नाहीं.

आपल्या भागांतून घर सोडून राहावयास जाणारीं मुलें पुष्कळ. दिवाळी झाली कीं कातकरी आणि ठाकूर बांधव पोटासाठीं वीटभट्ट्यांवर जातात. मागें मुलांना कोण पाहणार? म्हणून तीं आश्रमशाळेंत. कुणबी, आगरी, सुतार, कुंभार यांच्या घरांतूनही एखादा मुलगा कीर्तन शिकण्यासाठीं आळंदीकडे, नाहीं तर जवळपासच्या एखाद्या बुवांच्या मठांत धाडला जातो. त्यांत वाईट हेतु कोणाचाच नसतो. दोन वेळचें जेवण मिळेल, मोबाईलचा नाद सुटेल, वाईट संगत लागणार नाहीं, मुलगा चार माणसांत उभा राहून बोलूं लागेल, ही बापाची आशा. ह्या आशेची आम्ही थट्टा करीत नाहीं. विष्णुबुवा जोगांनीं १९१७ सालीं आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली आणि शेतकऱ्याच्या पोराला फीवांचून ज्ञानेश्वरी व गाथा शिकण्याचा रस्ता मोकळा झाला, हे बहुजन समाजावरचे थोर उपकार आहेत. आमचें भांडण त्या रस्त्याशीं नाहीं. मुलाला पोंचवितांना बाप जे दोन शब्द बोलतो, त्यांच्याशीं आहे. मुलाचें डोकें बुवांच्या पायांवर टेकवून तो म्हणतो, "बुवा, पोर तुमच्या पदरांत घातलं. मारा कीं तारा."

आमच्या वडिलांनीं आम्हांलाही असेंच घातलें होतें. वय वर्षें नऊ. कोणत्या गांवीं आणि कोणाकडे, तें सांगण्याचें येथें कारण नाहीं. एका ओसरीवर आम्ही सतरा मुलें निजत असूं. पहाटे चार वाजतां थंड पाण्यानें आंघोळ, मग काकडा, मग पाठांतर. बुवा दुष्ट नव्हते, हें आधींच सांगतों. पंगतींत मुलांना वाढल्यावांचून ते स्वतः घांस घेत नसत, आणि आम्हांला हिंवताप आला तेव्हां दोन रात्री त्यांनीं उशाशीं बसून काढल्या. परंतु त्यांच्या बैठकीशेजारीं निरगुडीची एक फोक नेहमीं असे. पाठांतरांत एक चूक, एक फोक. असा हिशेब सरळ होता.

आमच्याबरोबर एका कुंभाराचा मुलगा होता. आवाज गोड, आणि डोकें आम्हां सर्वांपेक्षां तल्लख. एके दिवशीं त्यानें पाठांतरांतल्या एका शब्दाचा अर्थ विचारला. बुवांनीं सांगितलें, आधीं पाठ कर, अर्थ मागून कळेल. तो म्हणाला, अर्थ कळला तर पाठ लौकर होईल. एवढेंच. ह्यांत उद्धटपणा कोठें होता, हें आम्हांला आजही समजत नाहीं. पण त्या दिवशीं त्याच्या तळहातांवर किती फोका बसल्या त्या आम्हीं मोजल्या नाहींत, कारण आम्हीं डोळे मिटून घेतले होते.

पुढें एकादशीला त्याचा बाप आला. बुवांसाठीं नवा माठ घेऊन पायीं आला होता. मुलानें हात पाठीमागें लपविले. बापानें ते पुढें ओढून पाहिले आणि विचारलें, काय झालें? मुलगा बोलेना. तेव्हां बापानें आम्हांकडे पाहिलें, बुवांनींही आम्हांकडे पाहिलें, आणि आम्हीं सांगितलें कीं तो पायरीवरून पडला. बापानें माठ खालीं ठेवला, बुवांच्या पायां पडला आणि निघून गेला. दोन महिन्यांनीं मुलगा पळून घरीं गेला तो परत आलाच नाहीं. आज तो वडिलांचेंच चाक फिरवितो. बाजारांत भेट होते, चहा होतो. ती गोष्ट तोही काढीत नाहीं आणि आम्हींही काढलेली नाहीं. चाळीस वर्षांनीं आज आपणांपुढें पहिल्यानेंच तोंडांतून निघते आहे.

आतां कोणी म्हणेल, मार खाल्ल्यावांचून विद्या येते कोठें? आमचे आजे-पणजे असेच शिकले. होय, असेच शिकले. इंग्रजी अमलाच्या आधीं आणि नंतरही पुष्कळ वर्षें गांवोगांव पंतोजींच्या शाळा होत्या. देवळाच्या ओवरींत नाहीं तर कोणाच्या पडवींत मुलें बसत. धूळपाटीवर अक्षरें, मग मोडी, मग पावकी, निमकी, दिडकी. पंतोजीला पगार बहुधा धान्याचा. शिक्षेचें एक साधन म्हणजे घोडी. वर दोर बांधून मुलाला त्याला हातांनीं लोंबकळत ठेवावयाचें, आणि हात सुटूं लागले कीं खालून छडी. शिवाय अंगठे धरून ओणवें उभें करणें आणि कोंबडा. हें सोसून किती मुलें शिकलीं तें लोक सांगतात. घोडीच्या भीतीनें किती गुरें राखायला पळालीं, त्यांची खानेसुमारी कोणी केलेली नाहीं. वेदपाठशाळेंत तर आपल्या पोरांना उंबराही ओलांडूं देत नसत, तेव्हां तेथल्या छडींतून तेवढे आपण वाचलों, असें विनोदानें म्हणावयास हरकत नाहीं.

पण वाचलों कोठें? त्या उंबऱ्याआडची रीत बाहेर येऊन आपल्याच ओसरीवर बसली. गुरूनें बोलावें, शिष्यानें तसेंच्या तसें म्हणावें, मध्यें प्रश्न विचारूं नये. विचारलाच तर तो गुरुद्रोह. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला तेव्हां त्यांचा मुख्य आग्रह हाच होता कीं देव आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना त्यांनीं मागितलें, कीं शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतले असावेत, म्हणजे ते आपल्या लोकांत मिसळतील. आज शिक्षक आपल्यांतला आहे, कीर्तनकारही आपल्यांतला आहे. मग दलाली सरली काय? भटजीला आपण दारांतून परत पाठविलें आणि त्याच्या रिकाम्या पाटावर आपलाच माणूस बसवून त्याच्या पायांवर पोर घातलें, तर त्या पोराच्या तळहाताला कोणता फरक कळणार? ज्या प्रश्नासाठीं आपण भिक्षुकांशीं भांडलों, तोच प्रश्न आपल्या मुलानें आपल्या बुवांस विचारला तर आपण त्याच्या मुस्कटांत मारतों. हें बोलणें कांहीं मंडळींना झोंबेल. आम्हांलाही झोंबतें.

मार आणि पाठांतर यांचें सख्य कां, तें कारागिराला लौकर कळेल. सुताराचा मुलगा चौकटीचा सांधा करतो. सांधा चुकला तर लांकूडच सांगतें, कीं चुकला. बाप म्हणो न म्हणो, फट दिसते. सुतारही पोराला थापड मारतो, नाहीं असें नाहीं. पण पोराच्या हातांत वाकस असतां मारीत नाहीं. शेतकऱ्याचेंही तेंच, राब नीट भाजला नाहीं तर रोपांत तण माजून शेतच बोलतें. तेथें गुरूचा शब्द तपासून पाहतां येतो. परंतु अर्थावांचून पाठ केलेल्या ओळींत बरोबर काय आणि चूक काय हें फक्त गुरुजी सांगणार. दुसरा साक्षीदार नाहीं. जेथें तपासणारा एकच आणि त्याला विचारणारा कोणी नाहीं, तेथें त्याच्या हातांत फोक आपोआप येते. त्याला स्वभावानें क्रूर असण्याची गरज नाहीं. आमचेच बुवा पाहा. पुढें मोठेपणीं कळलें, कीं त्यांच्या गुरूनें त्यांना याच्या दुप्पट मारलें होतें आणि ते तें अभिमानानें सांगत.

कीर्तनांतून गोरोबा काकांची कथा आपण ऐकली आहे. संत जमलेले, मुक्ताबाईनें सांगितलें म्हणून गोरोबांनीं थापटणें उचललें आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोणतें मडकें कच्चें तें पाहिलें. सगळे गप्प राहिले, नामदेव तेवढे कुरकुरले, म्हणून ते कच्चे ठरले. मारकुट्या बुवांची ही मोठी आवडती कथा. पण ती अर्ध्यावर सोडतात. नामदेव उठून थेट पंढरीला गेले आणि विठ्ठलापुढें रडून गाऱ्हाणें सांगितलें. विठ्ठलानें पुढें त्यांनाच गुरु करावयास लाविलें, हें खरें. पण आधीं सगळें ऐकून घेतलें. आणि गुरु मिळाले ते विसोबा खेचर, पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनीं तेथेंही विचारलेंच, हें काय? विसोबांनीं थापटणें उगारलें नाहीं. देव नसेल तेथें माझे पाय उचलून ठेव म्हणाले, आणि नामदेवांना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं दिलें. आम्हांला ह्या कथेंत प्रश्न विचारणाऱ्या शिष्याचा कोठें अपमान झालेला दिसत नाहीं. शिवाय आमच्या कुंभार मित्रांना विचारा: थापटणें ओल्या भांड्यावर चालवितात तें आकार देण्यासाठीं, आणि तेव्हां दुसरा हात आंतून लावलेला असतो.

आतां कायद्याचें. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानें शाळेंत मुलाला अंगावर शिक्षा करणें आणि मनाला छळणें या दोहोंस बंदी आहे. पण २०१२ सालीं त्यांत दुरुस्ती झाली, कीं मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यत्वेंकरून धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था यांना हा कायदा लागू नाहीं. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेंत जी छडी बंद, ती मठांत बंद करणारें तें कलमच नाहीं! हिंदूचें मूल असो कीं मुसलमानाचें, चामडी एकच. धर्माच्या संस्थांना आपापल्या रीतीनें शिकवूं द्यावें, हें समजूं शकतें. पाठ फोडण्याची मोकळीक कोणत्या धर्माची गरज आहे, तें आम्हांला कोणी समजावून द्यावें.

तरी मूल अगदींच उघड्यावर नाहीं. २०१५ चा बालन्याय कायदा आहे. त्याच्या ७५ व्या कलमाप्रमाणें ज्याच्या ताब्यांत मूल आहे त्यानें त्याच्यावर क्रूरपणा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद. आणि मुलांना सांभाळणाऱ्या संस्थेच्या चालकानें किंवा नोकरानें केला तर पांच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पांच लाखांपर्यंत दंड. मठ असो कीं आश्रम, यांतून सुटका नाहीं. दुसरी एक गोष्ट मात्र नीट ऐका. १८६० च्या दंडसंहितेंत एक कलम होतें, आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेंतही तें आहे, कीं बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठीं, सद्‌भावनेनें, पालकाच्या संमतीनें केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाहीं. जबर दुखापतीला त्याचा आधार नाहीं, परंतु मारकुटे मास्तर कोर्टांत असल्याच कलमांमागें लपत आले आहेत. तेव्हां बापानें "मारा कीं तारा" म्हणणें ही नुसती बोलण्याची रीत राहत नाहीं. उद्यां तीच त्याची संमति म्हणून पुढें येऊं शकते.

मारापेक्षांही वाईट गोष्टी घडतात. आयाबहिणी बसल्या आहेत तरी बोललें पाहिजे, किंबहुना म्हणूनच. आळंदींतील कांहीं खाजगी संस्थांत राहणाऱ्या मुलांवर शिकविणाऱ्यांनींच अत्याचार केल्याचे गुन्हे अलीकडच्या वर्षांत पोलिसांत नोंदले गेले आहेत. आपल्या शेजारीं, कल्याण तालुक्यांत खडवलीस, २०२५ च्या एप्रिलमध्यें नोंदणी नसलेल्या एका वसतिगृहांतून २९ मुलें सोडविण्यांत आलीं. आणि शहापुरांत काय झालें तें आपणांस ठाऊक आहे. २०२५ च्या जुलैमध्यें येथल्या एका खाजगी शाळेंत स्वच्छतागृहांत रक्ताचे डाग दिसले, म्हणून मुलींना एकत्र करून पाळीबद्दल विचारलें आणि कांहींचे कपडे उतरवून तपासणी केली. ती शाळा धर्माची नव्हती. पण "आम्ही सांगूं तें निमूट करा" हा रोग तोच. मुलींनीं घरीं येऊन सांगितलें, आईबाप शाळेवर गेले, आणि मुख्याध्यापिका व एक परिचारक बाई यांना अटक झाली.

हें इतक्या लौकर कां उघडकीस आलें? कारण त्या मुली संध्याकाळीं घरीं आल्या. आई दारांत होती. आमच्या कुंभाराच्या मित्राला संध्याकाळ नव्हती, एकादशी होती. आणि एकादशीलाही बुवा समोर बसलेले होते. सगळा फरक ह्यांत आहे.

परदेशांत ह्याहून वेगळें घडलें नाहीं. आयर्लंड हा आपल्यासारखाच शेतकऱ्यांचा आणि देवभोळ्या लोकांचा देश. तेथें धर्मसंघांनीं चालविलेल्या मुलांच्या शाळांची चौकशी नऊ वर्षें चालली, हजाराहून अधिक माणसांनीं मोठेपणीं येऊन आपलें लहानपण सांगितलें, आणि २००९ सालीं अहवाल बाहेर आला. मारहाण रोजची होती. सरकारचें शिक्षणखातें मात्र धर्मसंघांपुढें मान तुकवून राहिलें, असें चौकशींत ठरलें. कॅनडांत सरकारच्या पैशानें आणि बहुतांशीं चर्चच्या हातून चाललेल्या वसतिशाळांत शंभरांहून अधिक वर्षांत सुमारें दीड लाख आदिवासी मुलें घरापासून तोडून ठेवलीं गेलीं. आपली भाषा बोललीं तर मार. ह्या गोष्टी ऐकून आपल्या ठाकूर-कातकरी मुलांची आठवण आम्हांला झाल्यावांचून राहिली नाहीं.

मग काय, मुलांना धाडूंच नये? असें आम्ही म्हणत नाहीं. सिद्धगडच्या जंगलांत २ जानेवारी १९४३ रोजीं गोळी खाऊन पडलेले भाई कोतवाल न्हाव्याच्या घरांतले होते; शिकून वकील झाले. कारागिराचें पोर शिकलें पाहिजे, कीर्तनही शिकलें पाहिजे. पण घालण्याआधीं एकदां न कळवितां जाऊन पाहा. मुलें रात्रीं कोठें निजतात आणि त्यांच्याजवळ मोठें माणूस कोण निजतें तें विचारा. आईला आगाऊ वर्दी दिल्यावांचून भेटतां येतें काय, मुलाला कोणी शेजारीं उभें नसतां घरीं फोन करतां येतो काय, तो दुपारीं सरकारी शाळेंत जातो काय, हें विचारा. उत्तर देतांना बुवा रागावले, तर उत्तर मिळालें असें समजा. मूल घरीं आलें म्हणजे आंघोळ आईनें घालावी, आणि तें जें सांगेल तें मध्यें न बोलतां ऐकावें. कांहीं वाईट कानीं आलें तर १०९८ ह्या नंबरावर फोन करावा, त्याला पैसे पडत नाहींत. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळूनही पोलिसांस न कळविणें हा २०१२ च्या कायद्यानें आपलाच गुन्हा होतो. गांवाची अब्रू म्हणून तेथें गप्प बसतां येत नाहीं. आणि पोंचवितांना पायांवर डोकें ठेवावयाचें तर ठेवा, पण तोंडानें एवढेंच म्हणा: "बुवा, शिकवा. चुकला तर आम्हांला कळवा. हात लावूं नका." चार माणसांदेखत म्हणा.

सभा सुरू होण्याआधीं एक बाई आम्हांला भेटल्या. त्यांचा मुलगा मागल्या वर्षापासून बाहेरगांवीं मठांत आहे. दिवाळीला आला तो बोललाच नाहीं, नुसता झोपला. परत जातांना बापानें रागें भरलें तेव्हां गेला. बाईंनीं विचारलें, दादा, पोर गप्प झालंय तें शहाणं झालं म्हणायचं काय? आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. त्या परवां एकट्या निघाल्या होत्या. मालक पेरणीमुळें मोकळे नाहींत. त्यांच्याबरोबर आम्ही जात आहों. सकाळीं आसनगांवहून पहिली गाडी आहे. आणखी कोणाचा मुलगा त्या बाजूला असेल तर त्यानें सभा सुटल्यावर येथेंच थांबावें.